आला तर, आला असता तर!

मुलांनो, संध्याकाळची वेळ आहे. तुम्ही गल्लीत क्रिकेट खेळताय. तुमची बॅटिंग अगदी रंगात आलीय आणि घरातून आईची हाक येते, "जेवायला ये रे!" तुम्ही जागचं न हलता ओरडता, "आलो, आलो!"

आता खरं खरं सांगा, तुम्ही आलात का? नाही! आणखी दोन ओव्हर खेळल्याशिवाय तुम्ही काही येत नाही. मग तोंडातून "आलो" कसं निघालं? "आलो" हे तर भूतकाळाचं रूप. काल आलो, परवा आलो, असं म्हणायला वापरायचं. यायचं आहे अजून पुढे आणि रूप मात्र मागचं!

असंच दुसरं बघा. पायात काटा मोडला की आपण ओरडतो, "मेलो!" ओरडणारा चांगला धडधाकट असतो. बसस्टँडवर मामा फोनवर सांगतो, "निघालोच बघ," आणि त्याची पिशवी अजून भरायची असते.

म्हणजे काळ ही एक गोष्ट आणि काळाचं रूप ही दुसरी गोष्ट. दोघांची जोडी बहुतेक वेळा जमते, पण कधी कधी रूप एकीकडे तोंड करतं आणि काळ दुसरीकडे. ही गंमत ज्याला कळली, त्याचं इंग्रजीचं अर्धं भय पळालंच म्हणून समजा. (बघा, मीसुद्धा "पळालंच" म्हणाले. अजून पळायचं आहे!)

उद्याचा पाऊस आणि कालचं रूप

आमच्या उदगीर भागात शेती पावसाच्या भरवशावर. मृग लागला की लहानथोर सगळे आभाळाकडे बघतात आणि सगळ्यांच्या बोलण्यात एकच शब्द असतो, "तर". पाऊस आला तर सोयाबीन पेरू. पाऊस नाही आला तर दुबार पेरणी. पाऊस आला तर शाळेला सुट्टी. हे शेवटचं वाक्य अर्थातच लेकरांचं!

मी सातवीच्या वर्गात फळ्यावर एक वाक्य लिहिलं : "उद्या पाऊस आला तर आम्ही घरी राहू." आणि म्हटलं, करा याचं इंग्रजी.

निम्म्या मुलांनी लिहिलं, "इफ इट विल रेन टुमारो, वुई विल स्टे ॲट होम." त्यांचं म्हणणं, पाऊस उद्याचा आहे, मग "विल" नको का? काहींनी लिहिलं, "इफ इट रेन्ड टुमारो..." त्यांचं म्हणणं, मराठीत "आला" आहे, तो भूतकाळ, मग इंग्रजीतही भूतकाळच हवा. दोघांचंही म्हणणं बिनडोक नव्हतं. दोघांनीही विचार केला होता. पण इंग्रजी भाषा तिसरंच म्हणते : "इफ इट रेन्स टुमारो, वुई विल स्टे ॲट होम."

रेन्स! साधा वर्तमानकाळ.

आता जरा थांबा आणि नवल करा. उद्याचाच पाऊस. मराठी त्याला भूतकाळाचं रूप देते, "आला तर". इंग्रजी वर्तमानकाळाचं रूप देते, "इफ इट रेन्स". आपल्या शेजारच्या गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगिजांचं राज्य होतं. त्यांच्या पोर्तुगीज भाषेत अशा वाक्यासाठी क्रियापदाचं एक खास भविष्याचंच रूप असतं, ते "जर"नंतर उद्याची गोष्ट सांगताना येतं. एकच पाऊस, एका भाषेत कालचा, दुसरीत आजचा, तिसरीत उद्याचा. पाऊस मात्र बिचारा ढगातच!

आमच्या वर्गात काही मुलांच्या घरी कानडी बोलतात, कारण बीदर आम्हाला जवळ. कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी दखनी. मी विचारलं, "तुमच्या घरी कसं म्हणतात?" एक मुलगा उठून म्हणाला, "मळे बंदरे." मळे म्हणजे पाऊस. "बंदरे"मधलं "बंद" हे आलं "बंदनु"सारख्या रूपातून, आणि बंदनु म्हणजे "तो आला". म्हणजे कानडीही आपल्यासारखीच भूतकाळाच्या रूपावर "तर" बसवते. दखनी बोलणारी मुलगी म्हणाली, "बारिश आई तो." तिथेही "आई", भूतकाळ! वर्ग एकदम खूश. चूक करणारी मुलं एकटी नव्हती. त्यांच्या पाठीशी दोन-तीन भाषा उभ्या होत्या.

तेव्हा पहिला नियम पाठ करा. जे खरोखर होऊ शकतं, त्याच्या वाक्यात "इफ"च्या खोलीत "विल"ला सहसा प्रवेश नाही. "विल" बसतो शेजारच्या खोलीत. "इफ यू स्टडी, यू विल पास." अभ्यास केलास तर पास होशील. "केलास" बघून भूतकाळात शिरू नका, आणि "होशील" बघून दोन्ही खोल्यांत "विल" घुसवू नका.

जे नेहमीच होतं, सृष्टीचा नियमच आहे, तिथे तर दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ. "इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स." बर्फ तापवला तर वितळतो. तिथे शंकेला जागाच नाही.

पक्षी, पंतप्रधान आणि लाल शाई

आता दुसरी तऱ्हा. तुम्ही सगळ्यांनी निबंध लिहिले असतील : "मी पंतप्रधान झालो तर", "मला पंख असते तर", "सूर्य उगवला नाही तर". आपल्या मराठी शाळांचं हे जुनं आवडतं खाद्य. कल्पनेचे निबंध!

पंख काही कोणाला फुटत नाहीत. हे लिहिणाऱ्याला ठाऊक, वाचणाऱ्याला ठाऊक. मग इंग्रजी काय करते? क्रियापदाला एक पाऊल मागे ढकलते. "इफ आय हॅड विंग्ज, आय वुड फ्लाय." "इफ आय वेअर अ बर्ड, आय वुड सिंग." गोष्ट आजचीच आहे, पण रूप भूतकाळाचं. "विल"चाही "वुड" झाला. असं का? भूतकाळ म्हणजे इथे "काल" नाही, भूतकाळ म्हणजे "लांब". जी गोष्ट खऱ्यापासून लांब, तिचं रूपही लांबचं. आणि "आय वॉज"च्या जागी "आय वेअर" दिसलं तर छपाईची चूक समजू नका. अशा कल्पनेच्या वाक्यात "आय"बरोबर "वेअर" चालतं. उलट तेच जास्त चांगलं मानतात.

हा नियम मी वर्गात शिकवला आणि नंतर स्वतःच त्यात अडकले. ती गोष्ट सांगते.

सातवीच्या मुलांना मी सांगितलं होतं की, तुमच्या कल्पनेच्या निबंधातली पाच वाक्यं इंग्रजीत लिहून आणा. मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीने लिहिलं होतं, "इफ आय बिकम अ डॉक्टर, आय विल ट्रीट पुअर पीपल फ्री." मी डॉक्टर झाले तर गरिबांवर फुकट उपचार करीन. वह्यांचा ढीग मोठा होता. मी मनात म्हटलं, कल्पनेचा निबंध आहे, म्हणजे दुसरी तऱ्हा. लाल पेनाने "बिकम" खोडून "बिकेम" केलं, "विल" खोडून "वुड" केलं, आणि पुढची वही घेतली.

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. "बाई, हितं बिकेम का केलंत?"

मी समजावू लागले, "अगं, जी गोष्ट नुसती कल्पनेतली असते, होण्यासारखी नसते, तिथे आपण..." आणि माझी जीभ तिथेच अडखळली.

ती माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "म्हणजे मी होणार न्हाई का, बाई?"

उदगीरला डाळीच्या गिरण्या पुष्कळ आहेत. तिचे वडील तिथे पोती उचलतात. आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाते. त्या मुलीने वर्तमानकाळ लिहिला होता, कारण तिच्या मनात ती गोष्ट होण्यासारखीच होती. आणि मी, तिच्या बाईने, दोन शब्दांत तिला सांगून टाकलं होतं की नाही, हे पंखांसारखं आहे.

व्याकरणाने बघितलं तर दोन्ही वाक्यं बरोबर. "इफ आय बिकम" म्हणजे होऊ शकतं, मी त्या वाटेवर आहे. "इफ आय बिकेम" म्हणजे समजा, नुसतं समजा. मराठीत दोन्हीला "झाले तर" एवढंच म्हणून भागतं. बोलणाऱ्याच्या मनात काय आहे, ते मराठी उघड करत नाही. इंग्रजी मात्र विचारते, "तुला खरंच वाटतं का?" आणि या प्रश्नाचं उत्तर द्यायचा हक्क वाक्य लिहिणाऱ्याचा असतो, तपासणाऱ्याचा नव्हे.

मी तिच्या वहीत माझी लाल शाई खोडली आणि समासात लिहिलं, "तुझंच बरोबर आहे." खाली सही केली. विद्यार्थ्याच्या वहीत शिक्षकाने स्वतःची चूक कबूल करायची, ही माझी पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या तीन मुलींनी आपल्या वह्यांत "वुड" खोडून "विल" केलं. एकीचं वाक्य पंखांचं होतं. तिला मात्र मी "वुड"च ठेवायला लावलं!

किल्ल्यावरची "असता-नसता"

आता तिसरी तऱ्हा. ती समजायला उदगीरच्या किल्ल्यावर चला.

फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरजवळ मराठ्यांची आणि निजामाची लढाई झाली. सदाशिवराव भाऊंच्या फौजेने निजामाला हरवलं. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा मराठ्यांच्या बाजूने होत्या. भाऊंचं नाव दुमदुमलं आणि त्याच वर्षी मोठी फौज घेऊन ते उत्तरेला निघाले. पुढे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय झालं, ते तुम्ही इतिहासात वाचलंच आहे. भाऊ परत आले नाहीत.

किल्ल्यावर सहल नेली की कोणीतरी हमखास विचारतं, "बाई, भाऊ उदगीरला जिंकलेच नसते तर?" जिंकले नसते, तर कदाचित त्यांना उत्तरेला पाठवलं नसतं. इंग्रजीत : "इफ भाऊ हॅड नॉट वन ॲट उदगीर, ही माइट नॉट हॅव गॉन टु पानिपत."

बघा, रूप आणखी एक पाऊल मागे गेलं. "हॅड नॉट वन". कारण ही गोष्ट नुसती खोटी नाही, ती घडून गेलेली आहे आणि आता कोणाच्या बापालाही बदलता येणार नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी "गंगाधरपंतांचे पानिपत" नावाची विज्ञानकथा लिहिली आहे. तिच्यातले इतिहासाचे प्राध्यापक अशा एका जगात जाऊन पोचतात, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं असतं! ती गोष्ट म्हणजे एक भलंमोठं "असतं तर". मिळाली तर जरूर वाचा.

इथे मराठी मुलांची एक खास अडचण होते, ती लक्षात ठेवा. "माझ्याकडे सायकल असती तर मी वेळेवर आले असते." हे वाक्य आजचं की कालचं? सांगता येत नाही. रोज उशीर होतो म्हणूनही म्हणता येतं आणि कालच्या उशिराबद्दलही म्हणता येतं. मराठीचा "असता-असती-असतं" हा एकच डबा आहे, त्यात आजचं खोटं आणि कालचं खोटं दोन्ही मावतं. इंग्रजीत दोन डबे आहेत. आजचं असेल तर "इफ आय हॅड अ सायकल, आय वुड कम ऑन टाइम." कालचं असेल तर "इफ आय हॅड हॅड अ सायकल, आय वुड हॅव कम ऑन टाइम." दोनदा "हॅड" बघून हसू नका. पहिला "हॅड" काळ दाखवतो, दुसरा "हॅड" म्हणजे जवळ असणं.

तेव्हा भाषांतर करायच्या आधी स्वतःला विचारा, हे आजचं की कालचं? मग डबा उघडा.

"असतं तर" म्हणजे नुसता पश्चात्ताप, असं मात्र समजू नका. आमच्याच लातूर जिल्ह्यात किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला थोडी मिनिटं कमी असताना, भूकंप झाला. माणसं झोपेत होती. जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद अंगावर कोसळलं. हजारो माणसं गेली. तेव्हापासून आमच्याकडची मोठी माणसं म्हणतात, "भिंती पक्क्या बांधलेल्या असत्या, तर इतकी माणसं गेली नसती." हे तिसऱ्या तऱ्हेचं वाक्य. ते गेलेल्यांना परत आणत नाही. पण याच वाक्यातून पुढचं वाक्य जन्मलं : "घरं भूकंप सोसतील अशी बांधली, तर माणसं वाचतील." हे पहिल्या तऱ्हेचं. नंतर नवी गावं वसवताना तशी घरं बांधली गेली. तिसऱ्या तऱ्हेतून शिकायचं आणि पहिल्या तऱ्हेत कामाला लागायचं, हे व्याकरणाच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं, म्हणून इथे सांगितलं.

आपली बोली आपल्या कामाला

मी शाळेत होते तेव्हा आम्हाला इंग्रजी पाचवीपासून असायचं. महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झालं. तरी काळ शिकताना मुलं अजून तशीच बिचकतात. त्यांना मी एक गुपित सांगते. आपल्या मराठवाड्याच्या बोलीत एक काळ आयता तयार आहे.

पुस्तकात असतं, "पाऊस येत आहे." आपण म्हणतो, "पाऊस यायलाय." "काय करायलास?" "अभ्यास करायलोय." पुण्याकडची पाहुणी मुलं या "करायलोय"ला हसतात. हसू द्या. "यायलाय" ऐकलं की डोळे मिटून इंग्रजीत "इज" आणि "आयएनजी" लावा : "इट इज रेनिंग." "काय करायलास?" म्हणजे "व्हॉट आर यू डूइंग?" जिथे "यायलाय" म्हणता येत नाही, "येतो" म्हणावं लागतं, रोजचं, नेहमीचं, तिथे साधा वर्तमानकाळ : "इट रेन्स इन जुलै."

एका ठिकाणी मात्र आपली मराठी फसवते. "मी पाच वर्षांपासून उदगीरला राहते." आपल्याला हा सरळ वर्तमानकाळ वाटतो, म्हणून मुलं लिहितात, "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स." इंग्रजी म्हणते, राहणं मागे सुरू झालं आणि आजपर्यंत चालत आलं, तेव्हा मागचा आणि आजचा असा पूल बांधा : "आय हॅव लिव्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स." आपला "पासून" दोन कामं करतो, सोमवारपासून आणि तीन दिवसांपासून. इंग्रजीत सोमवारला "सिन्स", तीन दिवसांना "फॉर". सुरुवातीचा क्षण सांगितला तर सिन्स, लांबी सांगितली तर फॉर.

आणि इंग्रजी शिकताना आपणच धडपडतो, असं नाही. थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला. तो आपली भाषा शिकला आणि त्याने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. कोकणीचं व्याकरणही त्याने पोर्तुगीज भाषेत लिहिलं. त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये ते रायतूरला छापून निघालं. इंग्लंडातून आलेला माणूस आपल्या ओव्या रचायला शिकला, मग आपल्याला त्याच्या भाषेतला "इफ" जमणार नाही होय?

ती मागच्या बाकावरची मुलगी आता आठवीत, दुसऱ्या शाळेत गेली आहे. परवा बाजारात भेटली. हातात विज्ञानाचं पुस्तक होतं. मी विचारलं, "काय गं, इफ आय..." तिने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. म्हणाली, "बाई, आता इफ काढून टाकलाय."

करून बघा

खालच्या वाक्यांचं इंग्रजी करा. आधी तऱ्हा ओळखा : होऊ शकणारं, कल्पनेतलं, की होऊन गेलेलं?

१) तू बोलावलंस तर मी येईन.
२) मी मासा असते तर तळ्यात राहिले असते.
३) काल पाऊस आला असता तर सामना झाला नसता.
४) आम्ही सोमवारपासून हा धडा शिकतो आहोत.
५) "आलो, आलो!" (आई हाक मारते आणि तुम्ही अजून खेळताय.)

उत्तरं : १) इफ यू कॉल मी, आय विल कम. २) इफ आय वेअर अ फिश, आय वुड लिव्ह इन द लेक. ३) इफ इट हॅड रेन्ड यस्टर्डे, द मॅच वुड नॉट हॅव टेकन प्लेस. ४) वुई हॅव बीन लर्निंग धिस लेसन सिन्स मंडे. ५) आय ॲम कमिंग! आणि एवढं बोलून खरोखर जा. जेवण थंड होतंय.